हात न टेकता उठणे

तिशीनंतर माणसाचे स्नायू हळूहळू झिजू लागतात आणि साठीनंतर ही झीज वेग धरते. वैद्यकशास्त्रात तिला ‘सार्कोपेनिया’ म्हणतात. घरात ती आधी मांड्यांत जाणवते. जिना चढताना कठड्याला हात जातो, पूजेला पाटावर बसलेल्या आजींना उठताना नातीचा हात लागतो. ‘आता वय झालं’ म्हणून हे सोडून दिले जाते; पण यातली बरीच झीज वयाने नव्हे, तर बसून राहिल्याने होते.

बोस्टनमधील एका शुश्रूषागृहातल्या नव्वदीच्या दहा जणांना मांड्यांसाठी वजनाचे व्यायाम देण्यात आले होते. १९९० साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आठ आठवडे टिकलेल्या नऊ जणांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली होती. व्यायाम थांबवल्यावर मात्र चारच आठवड्यांत ती ३२ टक्क्यांनी उतरली.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींनुसार पासष्टीपुढच्यांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे चालण्यासारखा मध्यम व्यायाम करावा. शिवाय निदान दोन दिवस ताकदीचा आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचा. आपल्याकडे पहिल्यावरच सगळी भिस्त असते. चालण्याचा वेग असा हवा की बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये. बाकावरची राजकारणाची चर्चा या १५० मिनिटांत धरत नाहीत.

ताकदीसाठी घरातली एक खुर्ची पुरते. ती भिंतीला टेकवून ठेवावी, हात छातीशी घ्यावेत, किंचित पुढे झुकून उठावे आणि धपकन न बसता तीन अंक मोजत खाली यावे. सुरुवातीला पाच वेळा बस्स. श्वास रोखू नये. मांड्या भरून आल्या तर हरकत नाही. गुडघ्यात कळ आली तर बैठकीवर जाड उशी ठेवून उंची वाढवावी. तोलासाठी, चहा उकळेपर्यंत ओट्याला धरून एका पायावर उभे राहावे, मग पाय बदलावा. हृदयविकार असलेल्यांनी, किंवा छातीत दुखत वा चक्कर येत असेल त्यांनी, आधी डॉक्टरांना विचारावे.

गोडी लागते ती बहुधा सोबतीमुळे. डॉ. मदन कटारिया यांनी १९९५ मध्ये मुंबईच्या एका बागेत पाच जणांना घेऊन हास्य क्लब सुरू केला आणि तो जगभर पसरला. हसण्याने मांड्या बळकट होत नाहीत. पण ‘काल का नाही आलात?’ असे विचारणारे कुणी असले की पावसाळी सकाळीही पाय बागेकडे वळतात. लेकाकडे महिनाभर राहायला गेल्यावर हा कट्टा नसतो आणि सवय तिथेच मोडते. खुर्ची मात्र त्याच्याही घरी असते. पहिल्याच सकाळी ती भिंतीला लावून घ्यावी.