विश्लेषण : सीपीएल हातात आले, आता विमान कंपनी की इन्स्ट्रक्टरची नोकरी?

अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईसाठी प्रवासी विमानसेवा सुरू झाली. त्याआधी जुलै २०२४ मध्ये एअर इंडियाने याच विमानतळावर वैमानिक प्रशिक्षण संस्था उभारण्याची घोषणा केली होती. वर्षाला १८० वैमानिक आणि ३४ प्रशिक्षण विमाने अशी ही योजना आहे. अकोल्याच्या शिवणी विमानतळाची धावपट्टी जेमतेम १४०० मीटरची असल्याने तिथे मोठी प्रवासी विमाने उतरत नाहीत. तरीही शंभरेक किलोमीटरवरच्या बेलोऱ्यामुळे अकोला, वाशिम, बुलडाण्याच्या घरांतही ‘पोराला पायलट करायचे का?’ ही चर्चा सुरू झाली आहे. मात्र, खरा प्रश्न परवाना मिळाल्यानंतर सुरू होतो.

परवाना मिळाला म्हणजे नोकरी मिळाली का?

नाही. व्यावसायिक वैमानिक परवान्यासाठी, म्हणजे सीपीएलसाठी, नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या (डीजीसीए) नियमानुसार २०० तासांचे उड्डाण लागते. त्यातले १०० तास विमानाची जबाबदारी स्वतः घेऊन उडवलेले असावे लागतात. या परवान्यावर विमान कंपनीत सहवैमानिक होता येते. पण त्यासाठी ए-३२० किंवा एटीआर-७२ अशा विशिष्ट विमानाचे वेगळे प्रशिक्षण, म्हणजे ‘टाइप रेटिंग’, घ्यावे लागते. त्याचा खर्चही काही लाखांत असतो.

दुसरा रस्ता इन्स्ट्रक्टरचा. आधी सहायक इन्स्ट्रक्टरचे रेटिंग घ्यायचे, अनुभवी इन्स्ट्रक्टरच्या देखरेखीखाली शिकवायचे आणि पुढे पूर्ण इन्स्ट्रक्टर व्हायचे. गोंदियाच्या बिरसी विमानतळावरची राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्था, नागपूर फ्लाइंग क्लब, बारामतीच्या संस्था ही राज्यातली अशा कामाची ठिकाणे.

‘आधी शिकवा, मग विमान कंपनी’ हा सल्ला कुठून आला?

मुख्यतः अमेरिकेतून. फेब्रुवारी २००९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील बफेलोजवळ कोल्गन एअरच्या विमानाला अपघात झाला. त्यानंतर तिथे कायदा बदलला आणि २०१३ पासून सहवैमानिकालाही साधारण १५०० तासांची अट लागू झाली. त्यामुळे तिथला नवा वैमानिक शिकवत शिकवत तास जमवतो. त्याच्यासाठी ती जवळपास सक्तीची पायरी आहे.

भारतात अशी अट नाही. इथे १५०० तास लागतात ते एटीपीएल या वरच्या परवान्यासाठी, म्हणजेच कॅप्टन होण्यासाठी. त्यामुळे तिकडचा सल्ला इकडे जसाच्या तसा लागू होत नाही.

मग थेट विमान कंपनीत जाण्याचा फायदा काय?

पहिला फायदा सीनियॉरिटीचा. विमान कंपनीत रुजू होण्याच्या तारखेवरून ज्येष्ठता ठरते. कॅप्टनपदाचा क्रम बहुतांशी त्यावरच अवलंबून असतो. दोन वर्षे उशिरा लागलेला वैमानिक त्या यादीत दोन वर्षांच्या भरतीमागे राहतो. दुसरा फायदा पगाराचा. नव्या सहायक इन्स्ट्रक्टरच्या मानाने सहवैमानिकाचे उत्पन्न बरेच जास्त असते. अनेक ठिकाणी इन्स्ट्रक्टरचे मानधन उड्डाणाच्या तासांवर ठरते. पावसाळ्यात ढग खाली आले की विमान जमिनीवर आणि कमाईही कमी.

तरीही इन्स्ट्रक्टर का व्हावे?

कारण भरती लाटांमध्ये येते. किंगफिशर २०१२ मध्ये, जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये आणि गो फर्स्ट मे २०२३ मध्ये थांबली. मध्ये २०२० चा कोरोनाकाळ आला. अशा वेळी अनुभवी वैमानिकही बाजारात येतात आणि २०० तासांवाला नवखा रांगेत मागे जातो. उलट, २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७०, तर इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदवली. डीजीसीएच्या नव्या नियमांत वैमानिकांची साप्ताहिक विश्रांती ३६ वरून ४८ तासांवर गेली. नियम लागू होताना डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली आणि वैमानिकांची गरज सर्वांनाच कळली. पण ही गरज नेमकी तुमच्या परवान्याच्या वर्षीच भरतीत उतरेल, याची खात्री नसते.

नुसते घरी बसून वाट पाहण्याची किंमत मोठी आहे. उपकरणांच्या आधारे उडण्याचे रेटिंग दरवर्षी चाचणी देऊन टिकवावे लागते, हात सुटतो आणि मुलाखतीत ‘शेवटचे उड्डाण कधी?’ हा प्रश्न येतोच. इन्स्ट्रक्टर मात्र रोज उडतो. विमानाचा प्रमुख म्हणून तास त्याच्या लॉगबुकमध्ये जमा होतात. महिन्याला ५० तास मिळाले, तर २०० वरून १५०० तासांवर पोहोचायला २६ महिने लागतात. अर्थात, एटीपीएलसाठी लांब पल्ल्याचे, रात्रीचे आणि उपकरणांवरचे ठरावीक तासही लागतात. विमानतळाभोवती फेऱ्या मारून ते सगळे भरत नाहीत.

कामाची मागणीही आहे. बेलोऱ्याचाच ढोबळ हिशेब पाहा. १८० विद्यार्थी गुणिले २०० तास, म्हणजे वर्षाला ३६ हजार तास. त्यातले निम्मे इन्स्ट्रक्टरसोबत धरले आणि एक इन्स्ट्रक्टर वर्षाला ६०० तास उडतो असे मानले, तरी तीसेक इन्स्ट्रक्टर लागतील.

कर्जाचे गणित काय सांगते?

समजा, ६० लाखांचे कर्ज ११ टक्के व्याजाने १० वर्षांसाठी घेतले. महिन्याचा हप्ता सुमारे ८२ हजार ६५० रुपये येतो. टाइप रेटिंगसाठी आणखी २० लाख घेतले, तर तो १ लाख १० हजारांवर जातो. नोकरीचे पत्र नसताना हे दुसरे कर्ज काढणे सर्वांत जोखमीचे. टाइप रेटिंगही न वापरता पडून राहिले, तर ते चालू ठेवायला सिम्युलेटरचा खर्च पुन्हा येतो. शेत गहाण ठेवून शिकवलेल्या घराला हा फरक जास्त जाणवतो.

निर्णय कसा घ्यावा?

• विमान कंपनीचे पत्र हातात असेल, तर जावे. केवळ तास वाढवण्यासाठी थांबून ज्येष्ठता घालवू नये.

• पत्र नसेल आणि भरती थंड असेल, तर दुसऱ्या कर्जाऐवजी इन्स्ट्रक्टर रेटिंगचा विचार करावा.

• इन्स्ट्रक्टरची नोकरी घेताना हमीचे तास किती, बाँड किती वर्षांचा, मध्येच विमान कंपनीची संधी आली तर सोडता येईल का, हे लेखी घ्यावे.

• शिकवण्याची मुळातच आवड नसेल, तर हा रस्ता टाळावा. शेजारच्या सीटवर नवशिक्याचा जीव असतो.

• अजून प्रवेशच घ्यायचा असेल, तर पैसे भरण्याआधी डीजीसीएची वर्ग-१ वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. डीजीसीएने २०२५ पासून प्रशिक्षण संस्थांची क्रमवारी सुरू केली आहे, तीही पाहावी.

थोडक्यात, भारतात इन्स्ट्रक्टरची नोकरी ही विमान कंपनीआधीची सक्तीची पायरी नाही. भरतीची लाट ओसरलेली असताना हात चालू ठेवणारे आणि हप्त्याला थोडा आधार देणारे ते काम आहे. कोणते आधी घ्यायचे, हे हातातले पत्र आणि डोक्यावरचा हप्ता पाहून ठरवावे.