ठिपक्यावरची वादळं: क्ष-किरणांतून दिसणारं सूर्याचं बालपण

सूर्यावरचे डाग तुमच्यापैकी अनेकांनी दुर्बिणीतून पाहिले असतील (गाळणी लावून, बरं का!). पण दूरचा सूर्यासारखा तारा घेतला, तर दुर्बिणीत तो निव्वळ ठिपका. मग त्या ठिपक्यावर चुंबकीय वादळं होतात हे कळतं कसं?

सूर्याचा दिसणारा पृष्ठभाग साधारण ५,५०० अंश सेल्सिअसचा. एवढ्या तापमानाला दृश्य प्रकाश भरपूर मिळतो, क्ष-किरण जवळपास नाहीतच. पण त्यावरचं प्रभामंडल, म्हणजे करोना, १० ते २० लाख अंशांवर असतं आणि ज्वाला भडकली की तिथला वायू १ कोटीच्या पुढे जातो. ही उष्णता चुंबकीय क्षेत्रातून येते. नेमकी कशी, यावर अजून वाद आहेत. पण क्ष-किरणांत पाहिलं की पृष्ठभागाचा झगमगाट बाजूला होतो आणि चुंबकीय कारभार तेवढा दिसतो. हे किरण आपलं वातावरण अडवतं, म्हणून उपकरणं अवकाशात न्यावी लागतात.

आता ज्वाला. आपल्या हाती येतो फक्त एक आलेख: तेज झपकन चढतं आणि सावकाश उतरतं. खरी गंमत त्या उतारात आहे. चुंबकीय कमानीत कोंडलेला वायू तेव्हा निवत असतो. वाटीतली आमटी लवकर निवते, पातेल्यातली बराच वेळ गरम राहते. तशी कमान मोठी, तर उतार लांब. अर्थात खालून आच चालूच असेल तरीही उतार लांबतो. म्हणून वर्णपटावरून तापमानही मोजत राहायचं. दोन्ही जोडलं की कमानीच्या लांबीचा अंदाज निघतो. ठिपक्याकडे बघून! मला तरी याचं अजून अप्रूप वाटतं.

२००३ च्या जानेवारीत चंद्रा वेधशाळेनं (सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्या नावाची) मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाकडे जवळजवळ १३ दिवस टक लावली. १,६०० हून अधिक क्ष-किरण स्रोत सापडले. त्यातले २८ तारे साधारण सूर्याच्या वस्तुमानाचे, पण अगदी तान्हे. प्रत्येकावर सरासरी आठवड्याला एक प्रचंड ज्वाला, आजच्या सूर्याच्या ज्वालांपेक्षा कितीतरी जोरदार! तिथल्या काही ताऱ्यांवरच्या कमानी तर ताऱ्याच्या त्रिज्येच्या कित्येक पट निघाल्या.

आपला सूर्यही लहानपणी असाच असणार. आणि त्याच काळात त्याच्याभोवतीच्या वायू-धुळीच्या तबकडीत ग्रह घडत होते. म्हणजे पृथ्वीचा कच्चा माल या भडिमारात भाजून निघाला. जुन्या उल्कापाषाणांत बेरिलियम-१० च्या खुणा मिळतात. त्या अशाच ज्वालांतल्या वेगवान कणांनी उमटवल्या, असं एक मत आहे.

मग सूर्य निवळला कसा? तरुण तारा गरगर फिरतो आणि त्या फिरण्यातून चुंबकीय क्षेत्राला बळ मिळतं. असा तारा आपल्या एकूण ऊर्जेच्या हजाराव्या भागापर्यंत क्ष-किरण देतो. पण ताऱ्यातून वाहणारा वारा त्याची गती हळूहळू खातो. आज सूर्य विषुववृत्तावर सुमारे २५ दिवसांत एक फेरी मारतो आणि त्याचे क्ष-किरण एकूण ऊर्जेच्या दहा लाखाव्या भागाच्या आसपास असतात.

आदित्य-एल१ वरचं सोलेक्स हे उपकरण सूर्याचं चित्र काढतच नाही. अख्ख्या सूर्याचे क्ष-किरण एकत्र मोजतं, जणू तोही ठिपकाच. त्याच यानावरची, पुण्याच्या आयुकात साकारलेली सूट दुर्बीण मात्र अतिनील प्रकाशात चित्रं घेते. एकीकडे आलेख, दुसरीकडे चित्र. दूरच्या ताऱ्यांवर वापरायच्या पद्धती आधी घरच्या ताऱ्यावर ताडून पाहायची ही चांगली सोय आहे.