दर दाण्याला वेगळा बाप

परसात किंवा गच्चीवर मक्याची दोन-तीन रोपं हौसेनं लावली जातात. ती पुरुषभर वाढतात, कणीसही धरतं, पण सोलून पाहावं तर दात पडलेल्या तोंडासारखं बोडकं: इथे चार दाणे, तिथे दोन, बाकी नुसता दांडा. खत कमी पडलं किंवा बी हलकं होतं, असं मग सगळे म्हणतात. खत-पाणी कमी पडलं तर कणीस लहान राहतं आणि त्याचं टोक भरत नाही, हे खरं आहे. मधेमधे रिकाम्या जागा राहिल्या असतील, तर मात्र बहुतेक वेळा परागकण पोचलेले नसतात.

मक्याच्या शेंड्याला येणारा तुरा म्हणजे नर फुलं आणि पानाच्या बगलेत धरणारं कणीस म्हणजे मादी फुलं. कणसाच्या तोंडातून जे केस बाहेर येतात, त्यातला प्रत्येक केस आत एकेका दाण्याच्या जागेला जोडलेला असतो. त्या केसावर परागकण पडला तर तिथे दाणा धरतो, नाही पडला तर जागा रिकामी राहते. पाचशे दाण्यांचं कणीस म्हणजे पाचशे वेगवेगळे परागकण पाचशे वेगवेगळ्या केसांवर येऊन पडलेले. ते सगळे एकाच झाडाचे असतील असंही नाही, त्यामुळे एकाच कणसातल्या दोन शेजारी दाण्यांचे बाप वेगळे असू शकतात. बियाणं धरण्याबद्दलचे मक्याचे जवळजवळ सगळे घोळ इथूनच सुरू होतात.

एका तुऱ्यातून लाखो परागकण झडतात, मग ते कमी कसे पडतात? अडचण वेळेची आणि वाऱ्याची आहे. तुरा साधारण आठवडाभर पराग सोडतो आणि बहुधा त्याच झाडाचे केस बाहेर येण्याच्या दोन-तीन दिवस आधीच सुरुवात करतो. कडक उन्हात परागकण काही तासच जिवंत राहतो, पारा 38 अंशांच्या वर गेला की त्याहूनही कमी. वारा तो सरळ खाली टाकत नाही, बाजूला नेतो. म्हणून कुंपणालगत एकच लांब ओळ लावण्यापेक्षा तेवढीच रोपं चार ओळींच्या चौकोनात लावावीत. ओळींमध्ये दोन फूट आणि रोपांमध्ये 20 ते 25 सेंटिमीटर अंतर पुरे. गच्चीवर पिंपं किंवा पिशव्या एकमेकांना चिकटून ठेवाव्यात.

मधमाश्या नाहीत म्हणून दाणे भरले नाहीत, असंही पुष्कळ जण सांगतात. मधमाश्या तुऱ्यावर पराग गोळा करायला येतात खऱ्या, पण केसांकडे त्या फिरकत नाहीत, कारण तिथे त्यांना काही मिळत नाही. मक्याचं काम वारा करतो, आणि वारा नसेल तर आपला हात. सकाळी दव वाळल्यावर तुरा कागदी पिशवीत हलकेच झटकावा आणि ती पिवळी भुकटी दुसऱ्या झाडांच्या केसांवर शिंपडावी. तीन-चार दिवस हे केलं की दहा-बारा झाडांचीसुद्धा कणसं चांगली भरतात.

शेजारच्या वाणाचा परिणाम झालाच तर तो पुढच्या पिढीत, यंदाच्या कणसाला त्याचं काय, हा समज दुधी-भोपळ्याच्या अनुभवावरून आलेला आहे. भोपळ्याच्या वेलावर दुसऱ्या जातीचा पराग पडला तरी यंदाचं फळ आईसारखंच राहतं, बदल दडतो बियांत. मक्यात आपण बीच खातो. म्हणून पांढऱ्या मक्यावर पिवळ्याचा पराग पडला की त्याच हंगामात पांढऱ्या कणसात पिवळे दाणे दिसतात. गोड मक्यावर साध्या मक्याचा पराग पडला की तेवढे दाणे फुगीर आणि पिठूळ होतात, कारण मक्यातला गोडवा दोन्हीकडून आला तरच टिकतो. कंपनीनं फसवलं असं वाटण्याआधी वाऱ्याच्या दिशेला कोणाचं शेत आहे ते पाहावं.

रंगीबेरंगी किंवा ठिपक्यांचे दाणे दिसले की रोग पडला असं समजून कणीस टाकून देणारेही आहेत. बुरशीची काळी-हिरवी पूड दाण्यावर बसलेली असेल तर ते कणीस खाऊ नये आणि त्याचं बीही धरू नये. पण रंग दाण्याच्या आतला, स्वच्छ आणि चकचकीत असेल तर तो आनुवंशिक आहे. अशाच ठिपक्यांचा माग काढत बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी जागा बदलणारी जनुकं शोधली आणि त्यासाठी त्यांना 1983 चं नोबेल मिळालं.

आता बियाण्याकडे वळू. ‘संकरित मक्याचं बी वांझ असतं, पेरलं तर उगवतच नाही’ हे वाक्य खेड्यात आणि शहरात सारख्याच खात्रीनं बोललं जातं. ते खोटं आहे. संकरित मक्याचे दाणे पूर्ण पिकलेले असतील तर उत्तम उगवतात. पण उगवलेली झाडं सारखी नसतात. एक उंच, एक बुटकं, एकाला तुरा आज, दुसऱ्याला दहा दिवसांनी. दोन वाणांच्या संकरातून आलेला जोम पुढच्या पिढीत साधारण निम्म्यावर येतो. घरी चार कणसं भाजून खाण्यापुरतं हे चालेलही, पण तो वाण आपण टिकवला असं म्हणता येणार नाही.

बियाणं धरायचं असेल तर सुरुवातच गावरान किंवा संमिश्र वाणानं करावी. संमिश्र वाणात पुष्कळ चांगल्या झाडांचं रक्त मोकळ्या परागीभवनानं एकत्र केलेलं असतं, त्यामुळे पुढची पिढी फार ढळत नाही. आपल्याकडे चाऱ्यासाठी घराघरात माहीत असलेला आफ्रिकन टॉल असाच संमिश्र वाण आहे, मांजरीही तसाच. गोड मक्यात माधुरी आणि लाह्यांसाठी अंबर हे वाणही संमिश्र आहेत. खरेदी करताना दुकानदाराला ‘संकरित की संमिश्र?’ एवढं विचारलं तरी पुढचा बराच त्रास वाचतो.

गाडीवर मिळणारा ‘अमेरिकन’ मका जनुकबदल केलेला असतो, ही भीतीही निराधार आहे. भारतात व्यापारी लागवडीसाठी जनुकबदल केलेल्या मक्याला परवानगी नाही. शेतकऱ्यांच्या शेतात परवानगीनं पोचलेलं अशा प्रकारचं पीक म्हणजे 2002 पासूनची बीटी कपाशी. गाडीवरचा मका गोड असतो तो जुन्या, नैसर्गिकरीत्या घडलेल्या बदलामुळे: दाण्यातल्या साखरेचं पिठात रूपांतर नीट होत नाही. बेबी कॉर्न ही निराळी जात असते हेही तसंच. केस बाहेर आल्यावर एक ते तीन दिवसांत, परागीभवन होण्याआधी खुडलेलं कोणतंही कोवळं कणीस म्हणजे बेबी कॉर्न. त्यासाठी खास निवडलेले वाण आहेत, एवढंच.

मक्याच्या बियाण्यात सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत कमी सांगितली जाणारी गोष्ट झाडांच्या संख्येची आहे. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांच्यामुळे घरची बियाणे बँक ही कल्पना महाराष्ट्रात घरोघर पोचली, आणि ती ऐकून अनेकांनी वाल, घेवडा, टोमॅटो यांचं बी धरायला सुरुवात केली. ही पिकं बहुतांशी स्वतःच्याच परागानं फळतात, त्यामुळे चार-पाच निरोगी झाडांच्या बियांवर वाण वर्षानुवर्षं सुखानं चालतो. त्याच सवयीनं मक्याचं एकच ‘सगळ्यात मोठं’ कणीस बाजूला ठेवलं जातं, आणि तिथे चूक होते. मका परक्या परागावर जगणारा आहे. थोड्याच झाडांचं बी पुन्हा पुन्हा पेरलं की जवळच्या नात्यातले संबंध वाढतात आणि तीन-चार पिढ्यांत झाडं बुटकी, उशिरा फुलणारी, किरकोळ कणसांची होतात. लोक म्हणतात, ‘बी थकलं.’ बी थकत नाही, त्यातली विविधता संपते. वाण नीट राखायचा तर निदान शंभर झाडांतून, जमल्यास दोनशे झाडांतून बी घ्यावं, आणि प्रत्येक कणसाचे थोडे थोडे दाणे एकत्र मिसळावेत. मक्याचं मूळ घर असलेल्या मेक्सिकोत शेतकरी सुगीनंतर कणसांच्या ढिगातून पुष्कळ कणसं निवडून बियाणं ठेवतात, त्यामागे हाच अनुभव आहे.

कोणाच्याच गच्चीवर शंभर झाडं मावत नाहीत. मला यावर एकच उपाय पटतो: मक्याचं बी एकट्यानं धरू नये. आठ-दहा घरांनी एकच वाण लावावा, प्रत्येकानं आपल्या दहा-पंधरा झाडांचं बी आणून एकत्र करावं आणि पुन्हा वाटून घ्यावं.

त्यातच अंतराचा प्रश्न येतो. मक्याचा परागकण जड असतो आणि बहुतेक जवळपासच पडतो, पण थोडे कण शेकडो मीटर जातात. म्हणून प्रमाणित बियाण्याच्या प्लॉटला दुसऱ्या मक्यापासून 200 मीटर आणि पायाभूत बियाण्याला 400 मीटर अंतराचा दंडक आहे. खेड्यात मोकळी हवा म्हणून तिथे बी शुद्ध राहील, असं वाटणं स्वाभाविक आहे. पण सिल्लोड, कन्नड, येवल्याकडे खरिपात चहूकडे संकरित मकाच असतो आणि तिथल्या परसातला गावरान मका परागाच्या ढगात उभा असतो. पुण्या-मुंबईच्या गच्चीवर आसपास मका नसतो, त्यामुळे शुद्धतेच्या बाबतीत शहरवासी नशीबवान आहेत. गावात राहणाऱ्यांनी पेरणी शेजाऱ्यांच्या तीन-चार आठवडे पुढे-मागे करावी, किंवा केस बाहेर येण्याआधी कणसावर कागदी पिशवी चढवून हातानं परागीभवन करावं.

खायला तोडलेल्या कणसाचं बी होत नाही. भाजायचं कणीस चिकात असतं, बियाण्याचं कणीस झाडावरच वाळू द्यावं, वरची पानं कागदासारखी होईपर्यंत. दाणा खुडून पाहिला तर त्याच्या टोकाशी काळा थर दिसतो, तो तयार झाला की दाण्यात आणखी अन्न भरत नाही. ऐन त्याच वेळी पाऊस लागून राहिला तर कणसं काढून, पानं मागे ओढून, वाऱ्याला टांगावीत. चुलीच्या वर आढ्याला कणसं बांधण्याची जुनी पद्धत धुरामुळे आणि कोरडेपणामुळे किडीलाही दूर ठेवते.

गोड मक्याचा वाळलेला दाणा सुरकुतलेला दिसतो. त्यात पीठ कमी असतं म्हणून तो आक्रसतो, पोचट आहे म्हणून फेकू नये. पाण्यावर तरंगणारं बी टाकून द्यायची रीत इथे फसवी ठरते.

फ्रिजमध्ये बी मरतं, अशीही समजूत आहे. ओलं बी मरेल, वाळलेलं जास्त टिकेल. ओलावा एका टक्क्यानं किंवा तापमान पाच अंशांनी उतरलं की बियाण्याचं आयुष्य ढोबळमानानं दुप्पट होतं, असा बीजशास्त्रातला नियम आहे. दाणा दाताखाली कट्कन फुटेपर्यंत वाळवावा, घट्ट झाकणाच्या बरणीत भरावा. पाकिटातलं गुलाबी-लाल बी मात्र वेगळं: तो रंग बुरशीनाशकाचा असतो, उरलेलं बी कोंबड्यांनाही घालू नये.

कायद्याची भीती घालणाऱ्यांनाही उत्तर आहे. पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, 2001 नुसार शेतकऱ्याला आपल्या शेतातलं बी साठवण्याचा, पेरण्याचा, देण्या-घेण्याचा आणि विकण्याचाही हक्क आहे. संरक्षित वाणाचं बी नाव-छाप लावून, ब्रँड म्हणून विकण्याची मात्र मुभा नाही. घरांघरांतल्या देवाणघेवाणीला यात कुठलाच अडथळा येत नाही.

पेरणीआधी आठवडाभर, मिसळलेल्या बियाण्यातले पन्नास दाणे ओल्या गोणपाटात किंवा सुती फडक्यात गुंडाळून ठेवावेत. सात दिवसांत पंचेचाळीसच्या आसपास कोंब आले तर निर्धास्त पेरावं, चाळीसच आले तर थोडं दाट पेरून नंतर विरळणी करावी. तिसाच्या खाली आले तर गटातल्या दुसऱ्या घरी विचारावं, त्यांच्या बरणीत चांगलं बी निघण्याची शक्यता पुष्कळ असते.