राणीचं वय किती?

दक्षिण दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरात राहणाऱ्या एखाद्या मराठी घरातल्या मुलीला शाळेनं झाशीच्या राणीवर प्रकल्प दिला, तर ती आधी मोबाइलच उघडणार. त्यात वावगं काही नाही. घोळ होतो तो मोबाइलबद्दलच्या आणि ग्रंथालयाबद्दलच्या समजुतींमुळे.

गैरसमज : यंत्रानं हिशेब करून दिलेलं उत्तर चुकूच शकत नाही.

वस्तुस्थिती : हिशेब चुकत नाही, पण त्यात घातलेला आकडा कोणाचा? २००९ साली आलेलं वुल्फ्रॅम अल्फा हे या जातीचं नावाजलेलं यंत्र. ते गूगलसारखी पानं शोधून पुढ्यात टाकत नाही. निवडून साठवलेल्या माहितीवर आकडेमोड करून थेट उत्तर देतं. अशा यंत्राला राणीचं मृत्यूसमयीचं वय विचारा. जन्म १९ नोव्हेंबर १८२८ धरला तर २९ वर्षं. पण द. ब. पारसनीसांनी १८९४ च्या चरित्रात साल दिलंय १८३५. ते धरलं तर २२. मृत्यूची तारीखसुद्धा कुठे १७ जून १८५८, कुठे १८ जून. यंत्रानं यातलं एकच साल उचललं, की वजाबाकी बिनचूक आणि वाद गायब! जाणता ग्रंथपाल दोन्ही सालं पुढे ठेवतो आणि कुठलं कुठून आलं तेही सांगतो.

गैरसमज : म्हणजे छापील तेवढं खरं.

वस्तुस्थिती : तेही नाही. झाशीचा वेढा आतून पाहिलेल्या विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ १९०७ साली चिं. वि. वैद्यांनी छापला, तो स्वतःचे फेरफार करून. मूळ हस्तलिखिताबरहुकूम प्रत दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली काढली. प्रकल्पाला कुठलीही चालेल. अभ्यासकाच्या हातात वैद्यांची प्रत देऊन गप्प बसणं बरं नव्हे.

गैरसमज : आता संदर्भ विभागाला कुलूप लावायला हरकत नाही.

वस्तुस्थिती : अंतरं, लोकसंख्या, चलनाचे दर असले प्रश्न यंत्राकडे गेले, आणि जाऊ देत. उरतात ते ‘राणीवर काही आहे का?’ असे मोघम प्रश्न. निबंध लिहायचाय, नाटक बसवायचंय की वंशावळ हवी, हे चार उलटे प्रश्न विचारल्यावरच कळतं. शिवाय गप्पा मारणारी नवी यंत्रं अस्तित्वातच नसलेल्या पुस्तकांची नावं बेधडक सांगतात. असं नाव १९५० पूर्वीच्या मराठी पुस्तकाचं म्हणून आलं, तर शंकर गणेश दात्यांची ग्रंथसूची काढून बसायचं काम ग्रंथपालाच्याच वाट्याला येतं.