हॅम रेडिओवर इंटरनेट: बंदी कशाची?

हॅम (हौशी रेडिओ) परवाना मिळाला की इंटरनेट फुकट, असे काहींना वाटते. काहींच्या मते इंटरनेटला तिथे सरसकट बंदी. अमेरिकेच्या नियमांत (भाग ९७) दोन्ही नाही. डेटा पाठवता येतो, ई-मेलसुद्धा. अट मजकुराला आहे. हा व्यवहार पोस्टकार्डासारखा: वाटेत कोणालाही वाचता आले पाहिजे. म्हणून अर्थ लपवण्यासाठी केलेले एन्क्रिप्शन (मजकूर सांकेतिक करणे) चालत नाही, आणि स्वतःच्या धंद्याचे संदेशही नाहीत. बँकेचे संकेतस्थळ 'एचटीटीपीएस'वर चालते, मजकूर सांकेतिकच असतो. तिथेच गाडी अडते. घरचा वायफाय हॅमच्या पट्ट्याशी काही प्रमाणात जुळणाऱ्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात असूनही या अटींतून मोकळा, कारण त्याला विनापरवाना वापराचे वेगळे नियम (भाग १५) लागू होतात.