चष्म्याचा नंबर आणि डोळ्यांची तपासणी

ऑप्टोमेट्रिस्ट म्हणजे दृष्टितपासणीचे पदवीशिक्षण घेतलेला व्यावसायिक. भारतात हा अभ्यासक्रम चार वर्षांचा असून शेवटचे वर्ष प्रत्यक्ष रुग्णतपासणीत जाते. शस्त्रक्रिया हे नेत्रतज्ज्ञ डॉक्टरांचे काम. पण कोणाला त्यांच्याकडे धाडायचे, हे पुष्कळदा ऑप्टोमेट्रिस्टच्या खुर्चीत ठरते. म्हणूनच दहा मिनिटांत नंबर काढून देणे म्हणजे डोळे तपासणे नव्हे.

पुरी तपासणी प्रश्नांपासून सुरू होते: साखर आहे का, रक्तदाब आहे का, गोळ्या कोणत्या चालू आहेत, घरात कोणाला काचबिंदू होता का. नंबर वारंवार बदलत असेल तर हे प्रश्न फार मोलाचे ठरतात. रक्तातली साखर वाढली की डोळ्यातले नैसर्गिक भिंग फुगते, त्याची वक्रता बदलते आणि नंबर सरकतो. पन्नाशीच्या माणसाला एकाएकी चष्म्याशिवाय वाचता येऊ लागले, तर घरच्यांना आनंद होतो. जाणकार ऑप्टोमेट्रिस्ट मात्र आधी साखर तपासून घ्यायला सांगतो. साखर काही आठवडे स्थिर राहीपर्यंत नवा चष्मा न देणे हेच योग्य.

नंबरानंतर स्लिट लॅम्पखाली पापण्या, बुबुळ आणि भिंग पाहतात, डोळ्यातला दाब मोजतात. तो साधारणपणे पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटरइतका असतो. पण दाब या मर्यादेत असूनही काचबिंदू होऊ शकतो, त्यामुळे दृष्टिचेतेचा मेंदूकडे निघणारा भागही पाहावाच लागतो. बहुतेक प्रकारचा काचबिंदू दुखत नाही आणि त्याने गेलेली नजर परत येत नाही.

तपासणीचा सर्वांत बोलका भाग म्हणजे डोळ्याचा पडदा. शरीरातल्या बारीक रक्तवाहिन्या कापाकापी न करता थेट दिसतात त्या इथेच. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १८५१ साली पडदा पाहण्याचे उपकरण जगापुढे मांडले. रक्तदाब जुना असेल तर या पडद्यातल्या धमन्या अरुंद होतात आणि जिथे शिरांना ओलांडतात तिथे त्यांना दाबतात. मधुमेहात केशवाहिन्यांना सूक्ष्म फुगवटे येतात, रक्ताचे ठिपके उमटतात. त्या वेळीही रुग्ण तक्त्यावरची शेवटची ओळ बिनचूक वाचत असतो, हीच खरी फसगत आहे. दोन्ही डोळ्यांत दृष्टिचेतेचे टोक सुजलेले दिसले तर कवटीतला दाब वाढल्याची शंका येते. अशा रुग्णाला त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावे लागते.

भारतात सुमारे दहा कोटी लोकांना मधुमेह आहे. प्रौढ वयात होणाऱ्या नेहमीच्या, म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात, निदान होताच पडदा तपासावा आणि पुढे दरवर्षी. तपासणीला जाताना जुना चष्मा, साखरेचा शेवटचा अहवाल आणि औषधांची यादी सोबत न्यावी. बाहुली मोठी करणाऱ्या थेंबांनी काही तास अंधुक दिसते, म्हणून दुचाकी घरी ठेवावी आणि कोणाला तरी बरोबर घ्यावे.