तळ्यातील उपरे मासे

पावसाळ्यात तलाव भरले म्हणजे गावोगावी मत्स्यबीज सोडण्याची लगबग सुरू होते. केनवड व आसपासच्या गावांतील ज्या शेतकरी बंधूंनी शेततळ्यात मासे पाळण्याचे योजिले असेल, त्यांनी बीज सोडण्यापूर्वी एका गोष्टीकडे अवश्य लक्ष द्यावे. बीजात मिसळून किंवा नाल्याच्या पाण्यावाटे तळ्यात शिरणारे काही परदेशी मासे तणासारखेच असतात. किंबहुना तणाहून वाईट, कारण तण निदान डोळ्यांना दिसते.

यांपैकी मुख्य मासा चिलापी, म्हणजेच तिलापिया. मूळचा आफ्रिकेतील हा मासा १९५२ मध्ये भारतात आणला गेला. कटला, रोहू व मृगळ साचलेल्या पाण्यात सहसा अंडी घालीत नाहीत, म्हणून त्यांचे बीज विकत आणावे लागते. चिलापी मात्र दोन-तीन महिन्यांची झाली की तळ्यातच अंडी घालू लागते, आणि तेही वर्षातून अनेक वेळा. मादी अंडी व पिले तोंडात धरून सांभाळते. त्यामुळे ती फारशी दगावत नाहीत. थोड्याच काळात इतकी दाटी होते की कोणासही पोटभर अन्न मिळत नाही. चिलापी बोटभर राहते आणि रोहूची वाढ खुंटते. बीज, शेणखत व पेंड यांचा खर्च आपला, पण त्यावर पोसली जाते ती कमी भावाची मासळी!

सोलापूर जिल्ह्यात भीमा नदीवरील उजनी जलाशय १९८० मध्ये पूर्ण झाला. तेथील मच्छीमारांच्या जाळ्यात आता चिलापीच मोठ्या प्रमाणावर येते व अनेक स्थानिक मासे दुर्मीळ झाले आहेत. नदी अडविली जाणे व पाण्याचे प्रदूषण हीही त्याची कारणे आहेत. सर्व दोष चिलापीच्या माथी मारणे न्याय्य होणार नाही. अलीकडे तेथे दक्षिण अमेरिकेतील सकर मासाही सापडू लागला आहे. शोभेच्या काचपेटीतला हा मासा कंटाळा आला की लोक पाण्यात सोडून देतात. त्याच्या काट्यांनी जाळी फाटतात आणि त्यास गिऱ्हाईक मिळत नाही.

आफ्रिकन मांगूर तर अत्यंत खादाड. तो हवेत श्वास घेऊ शकतो व ओल्या जमिनीवरून सरपटत दुसऱ्या पाण्यात जातो. त्याच्या पालनास देशात २००० पासून बंदी असून, राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये त्याचे साठे नष्ट करण्याचा आदेश दिला. तरी लवकर वाढणारा मासा म्हणून कोणी त्याचे बीज देऊ केल्यास घेऊ नये. तलावाचा सांडवा वाहू लागला की मासे नाल्यावाटे पैनगंगेत जातात, आणि मग त्यांना परत आणणे कोणाच्याही हाती राहत नाही.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी बीज खात्रीच्या केंद्रातूनच आणवावे व पिशवीतील थोडी बोटुकली परातीत ओतून पाहावी. मिशा असलेले पिलू दिसल्यास ते बीज सोडू नये. शेततळ्याच्या पाणी येण्या-जाण्याच्या तोंडाशी बारीक जाळी बसवावी. उन्हाळ्यात पाणी आटले की शक्य तर तळे पूर्ण कोरडे करावे. ते न जमल्यास मोहाची पेंड वापरावी. एक हेक्टर क्षेत्र व एक मीटर खोली यांस सुमारे २,५०० किलो पुरते. पेंडीचे विष दोन-तीन आठवड्यांत ओसरते व पुढे तिचे खत होते. तथापि माणसे किंवा गुरे ज्याचे पाणी पितात, त्या तळ्यात ती टाकू नये.